पोच घेतल्याशिवाय न उठणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले असते, तर तुम्ही "पुरे आता, चहा टाक" म्हणून विषय मिटवला असता. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, तीन वर्षांपूर्वीच्या माझ्यासारखी, म्हणजे 'आपल्याला काय करायचे आहे' असे म्हणून दार लावून घेणारी माणसे आपल्या गल्लीबाहेरही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या दारावर थाप मारायला प्रत्येक ठिकाणी एक काकू असेलच असे नाही.

मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील महापालिकांची मुदत संपली. त्याच सुमारास आपल्याकडचीही संपली. इतर मागासवर्गाचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात गेले, निवडणुका लांबत राहिल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार पालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण व्हायला हवी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर नगरसेवक नसल्याचे मला फारसे वाईटही वाटले नव्हते. चौकातले वाढदिवसाचे फलक कमी झाले, एवढाच फरक मला जाणवला होता. पुढे नळाला गढूळ पाणी येऊ लागले, मग ते पहाटे साडेचारला वीस मिनिटेच येऊ लागले, आणि तक्रार कोणाकडे न्यायची हे गल्लीत कोणालाच सांगता येईना. मी बादलीतल्या पाण्याचे छायाचित्र काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि आपले कर्तव्य झाले असे समजले.

त्याच संध्याकाळी तुम्ही तीन जिने चढून वर आलात. गुडघा धरून उभ्या होतात, तरी आत बसायला तयार नव्हतात. "फोटो चांगला आलाय. उद्या अकरा वाजता हंडा घेऊन खाली ये," एवढेच म्हणालात. मी कामाची सबब सांगितली. तुम्ही वेळ बदलून दहा केलीत.

मोर्चा म्हणजे आरडाओरडा, अशी माझी समजूत होती. तुमचा मोर्चा मात्र आदल्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदावरच निम्मा पार पडलेला असे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खाली जमावबंदीचा आदेश लागू आहे का, याची चौकशी तुम्ही आधीच करून ठेवली होती. पोलीस ठाण्याला द्यायचे पत्र तयार होते. कोण पुढे बोलणार, लहान मुले कोणी सांभाळायची, दवाखान्यापुढून जाताना घोषणा बंद ठेवायच्या, हे सगळे ठरलेले होते. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार घटनेने दिला आहे, हे तुम्ही आम्हाला समजावत होतात, तेव्हा "मग लाटणे चालेल का?" असे मी चेष्टेने विचारले. तुम्ही हसला नाहीत. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार समितीच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या वेळी सतराव्या वर्षी गोरेगावच्या घरातून आईचे लाटणे लपवून तुम्ही त्यांच्यात सामील झाला होतात, हे मला त्या रात्री कळले. गोरेगावच्या पाण्यासाठी लढलेल्या मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' का म्हणत, आणि आणीबाणीनंतर १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई (म्हणजे हरलेल्या इंदिरा गांधी) पाण्यात' ही घोषणा कशी तोंडोतोंडी झाली, हे तुम्ही पोळ्या लाटता लाटता सांगितलेत. इतिहासाच्या पुस्तकात मी आणीबाणी वाचली होती. पण ती सहन केलेल्या घरात रोज संध्याकाळी कोण कोणाकडे डबा पोचवत असे, हे त्यात नव्हते.

निवेदनाचा मसुदा मी लिहिला होता. तुम्ही लाल पेनने त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत, 'कृपया' हा शब्द चार ठिकाणांहून काढून एका ठिकाणी ठेवलात आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात चौथी मागणी जोडलीत : महापालिकेची निवडणूक विनाविलंब घेण्यात यावी. मला ते मुळीच पटले नव्हते. पाण्याच्या अर्जात निवडणूक कशाला, साहेब चिडतील आणि पाणीही हातचे जाईल, असे मी म्हटले. त्यावर तुम्ही विचारलेत, "गेल्या वर्षी आपल्या गल्लीसाठी किती पैसे ठेवले, हे सभागृहात कोणी विचारलं?" सभागृहच नव्हते. अंदाजपत्रक प्रशासकांनीच मांडायचे आणि प्रशासकांनीच मंजूर करायचे, असा तो काळ होता. प्रशासक प्रामाणिक असेलही, पण त्याला आपण घरी पाठवू शकत नाही, हा तुमचा मुद्दा. नगरसेवकांविषयी तुमचे मत माझ्यापेक्षा काही बरे नव्हते. तरी त्यांच्यावर चिडायलासुद्धा ते असावे लागतात, असे तुम्ही म्हणालात. चौथी मागणी राहिली.

आपण अकरा बायका आणि सात हंडे घेऊन कार्यालयात गेलो. अधिकाऱ्यांनी बसवले, पाणी विचारले, "पाहतो" म्हणाले, आणि मी आनंदाने उठले. तुम्ही गुडघ्यामुळे खाली रिक्षात थांबला होतात. "पोच कुठे?" हा तुमचा पहिला प्रश्न. पोच घेतलेली नाही, असे सांगताच तुम्ही रिक्षावाल्याला थांबायला सांगितलेत आणि मला एकटीला परत पाठवलेत. आवक-जावक विभागातील लिपिकाने जेवणाची सुट्टी झाल्याचे सांगितले. मी हंडा मांडीवर घेऊन बाकावर बसले. पाऊण तासाने त्याने शिक्का मारला, आवक क्रमांक लिहिला, तारीख टाकली. तो निळा, एका बाजूने पुसट उठलेला शिक्का मी जिन्यात तीनदा पाहिला. त्या पाऊण तासात तुमचा जितका राग आला, तितका नंतर कधी आला नाही. आणि त्या कागदाने जितके काम केले, तितके सात हंड्यांनी मिळून केले नाही.

कारण पुढचे सगळे त्या क्रमांकावरूनच सुरू झाले. निवेदनावर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारायचे ठरले, तेव्हा मी 'पाणी का येत नाही?' असा प्रश्न लिहिला होता. 'का' विचारायचे नाही, कागद मागायचा, हा धडा तुम्ही दिलात. दीडशे शब्दांच्या आत, एकाच विषयावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आपण जलवाहिनीच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागितली. तीस दिवसांची मुदत उलटली. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील केले. त्यानंतर कागद मिळाले, दोन रुपये पानाने, आणि आपल्या गल्लीत जी वाहिनी घातल्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत होती, ती शोधायला आपण दोघी टेप घेऊन गल्लीभर फिरलो. वाहिनी कोपऱ्यावरच्या पिंपळापाशीच संपत होती. ती पुढे नेण्यात आली, त्याला आणखी पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. दर सोमवारी तीन वाजता जाऊन बसणे, एवढेच ते होते.

निवडणुकीच्या मागणीचे श्रेय आपल्या निवेदनाला देण्याइतकी मी भाबडी नाही. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घेण्याचे निर्देश दिले, म्हणून त्या झाल्या. परंतु प्रारूप मतदारयादी प्रसिद्ध झाली तेव्हा ती खाली चौकात मोठ्याने वाचायची, ही कल्पना तुमची होती. आपण प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि नावे वाचत गेलो. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव होते, त्यांच्या नातीचे नव्हते. मागची अख्खी चाळ शेजारच्या प्रभागात गेली होती. आपल्या मताच्या नसलेल्यांचीही नावे शोधून हरकती भरून द्यायच्या, असे तुम्ही बजावलेत. त्यावरून दोघी-तिघी रुसून घरी गेल्या. तुम्ही त्यांच्याही घरच्यांचे अर्ज भरलेत.

१५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले, तेव्हा चाळीतली मंडळी आपल्याच केंद्रावर होती. तुम्हाला खुर्चीवरून आत नेताना ती नात पुढे झाली. तिचे ते पहिलेच मत. बाहेर आल्यावर बोटाची शाई दाखवत ती फोटो काढू लागली, तर तुम्ही तिला विचारलेत, "अंदाजपत्रकाची सभा कधी आहे, ठाऊक आहे का?"

तिला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. म्हणून मागच्या सोमवारी आम्ही दोघी जाऊन आलो आणि आपल्या प्रभागासाठी काय तरतूद प्रस्तावित आहे, याची प्रत मागणारा अर्ज दिला. मसुदा तिने लिहिला. 'कृपया' एकदाच आहे. तुमच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होईपर्यंत फाइल माझ्याकडे राहील, परंतु क्रमांक तुमच्या वहीत लिहिलेले असावेत म्हणून एक प्रत पाठवते आहे.

तुमच्या ऋणात,
तिसऱ्या मजल्यावरची

सोबत : अर्जाच्या पोचेची छायाप्रत (शिक्का या वेळी स्पष्ट उठला आहे).