अर्ज पुन्हा पाठवण्यापूर्वी

बार्शी,
14 जुलै 2024

चि. ओंकार यास अनेक उत्तम आशीर्वाद.

अ‍ॅडसेन्सने (संकेतस्थळांवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या सेवेने) तुझ्या सायकल दुरुस्तीच्या संकेतस्थळाला दुसऱ्यांदा नकार दिल्याचा निरोप माझ्याच इमेलवर आला, कारण अर्ज माझ्या नावाचा आहे. तू अजून अठरा वर्षांचा नाहीस आणि त्याहून लहान मुलांनी आईवडिलांच्या खात्यातून अर्ज करावा, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे जाहिराती लागल्या तर पैसे माझ्या खात्यात येतील आणि काही गैर घडले तर जबाबदारीही माझ्यावरच येईल. हे लक्षात घेऊन मी तुझी सगळी पाने छापून घेतली आणि साप्ताहिकात जशी प्रुफे वाचत असे, तशी लाल शाई घेऊन तीन रात्री वाचली. फोनवर हे सगळे सांगता आले नसते, म्हणून पत्र.

नकाराचे कारण त्यांनी ‘लो व्हॅल्यू कंटेंट’ असे दिले आहे. ‘माझ्या लेखांना किंमत नाही म्हणतात’ असे तू रागाने म्हणालास. परंतु एकूण एकतीस पाने वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, त्यांतील नऊ पाने उत्तम आहेत आणि उरलेल्या बावीस पानांनी त्यांना झाकून टाकले आहे. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, काढण्यावरचा तुझा लेखच घे. रिम ब्रेकच्या रबराला कुठे घासते ते खडूने खूण करून पाहायचे, त्या बाजूच्या तारेचे निपल (तार ताणणारी छोटी नट) पाव फेरा सैल करून समोरच्या बाजूचे तेवढेच आवळायचे आणि एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जायचे नाही, हे तू भाऊकाकांच्या दुकानात हात काळे करून शिकलास आणि तसेच लिहिलेस. मला सायकल दुरुस्तीतले काही कळत नाही, तरी लेख वाचून मी चाक उलटे करून बसलो असतो. त्याच्या शेजारी ‘सायकल चालवण्याचे 10 फायदे’ हा लेख आहे. त्यातील एकही वाक्य तुझे नाही, हे वेगळे सांगायला नको. शब्द फिरवून लिहिलेला मजकूर माझ्यासारख्या जुन्या प्रूफवाचकाला चौथ्या ओळीत ओळखू येतो, तर ज्यांचे यंत्र दिवसरात्र जगभरची पाने चाळते त्यांना तो ओळखता येणार नाही, असे कसे मानायचे? अशी पाने काढून टाक. किमान इतके लेख किंवा इतके वाचक हवेत असा आकडा त्यांच्या नियमांत मला कुठेही आढळला नाही, त्यामुळे भरतीसाठी भरती करण्याचे कारण उरत नाही.

इंग्रजी पानांबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो. मराठीला मान्यता मिळत नाही, असे तुला कोणीतरी सांगितले आणि तू यंत्राकडून भाषांतर करवून घेतलेस. त्यांच्या मान्य भाषांच्या यादीत हिंदी 2014 साली आली आणि त्यानंतर मराठीही आली. यादी मी स्वतः पाहिली आहे. भाषांतराचे म्हणशील, तर ‘चाकाचा आउट काढणे’ याचे तेथे ‘टेक आउट द व्हील’ झाले आहे. त्याप्रमाणे वागणारा गृहस्थ चाक काढून हातात घेऊन बसेल. तुझ्या आईला वाचून दाखवले, तर ती हसता हसता पोळी करपवून बसली.

गोपनीयता धोरणाचे पान तू दुसरीकडून उतरवलेस, याबद्दल मी एरवी रागावलो नसतो, कारण असा मजकूर साचेबंदच असतो. पण तिसऱ्या परिच्छेदात मूळ संकेतस्थळाचे नाव तसेच राहिले आहे! हे पान शोभेचे नाही. जाहिराती दाखवणारे तिऱ्हाईत वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी नोंद ठेवतात आणि त्यावरून जाहिराती निवडतात, हे वाचकाला सांगणे त्यांच्या अटींत आहे. ते तू चार सोप्या मराठी वाक्यांत स्वतः लिही. मेनूमधील ‘इलेक्ट्रिक सायकल’ आणि ‘सुटे भाग’ हे विभाग उघडले की नुसते ‘लवकरच’ दिसते; तेही तूर्त काढून टाक. आमचे साप्ताहिक सरकारी जाहिरातींच्या यादीत यावे म्हणून मी अंकांचे गठ्ठे आणि सनदी लेखापालाचे खपाचे प्रमाणपत्र घेऊन खेटे घातले आहेत. तेथील साहेब अंक हातात घेऊन पहिल्यांदा आतील पाने उलटत आणि मगच प्रमाणपत्राकडे वळत.

तुझ्या वसतिगृहातील मुलाने मंजुरी मिळालेले तयार खाते विकत मिळते असे सुचवले, त्याला माझा स्पष्ट नकार आहे. खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. शिवाय कमाई 10 डॉलरवर पोहोचली की ते खात्यावरील पत्त्यावर टपालाने सहा आकडी पिन पाठवतात. तो यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती बंद होतात. विकत घेतलेल्या खात्याचा पिन कोणाच्या दारात पडेल, याचा विचार कर. आपला पत्ता मी आधारकार्डावर आहे तसाच भरला आहे आणि पोस्टमन काकांनाही सांगून ठेवले आहे. ते म्हणाले, पाकीट आधी येऊ तर द्या.

पैशाचा हिशेबही समजून घे. 100 डॉलर जमल्याखेरीज रक्कम निघत नाही आणि जमल्यावर पुढील महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान बँकेकडे पाठवली जाते. सायकल दुरुस्तीच्या मराठी संकेतस्थळाला 100 डॉलर जमवायला किती महिने लागतील हे मी सांगू शकत नाही. नवीन लॅपटॉपचे स्वप्न मात्र त्यावर बांधू नकोस. आत्याने आताच विचारले की, आम्ही सगळ्यांनी रोज जाहिरातींवर क्लिक केले तर ओंकारला मदत होईल का? तिला मी समजावले आहे, तूही तुझ्या मित्रांना बजाव. स्वतः केलेले किंवा ओळखीच्यांकडून करवून घेतलेले क्लिक ते अवैध धरतात आणि त्यापायी खाते कायमचे बंद होऊ शकते. ते खाते माझे असेल, हे विसरू नकोस.

घाईने तिसऱ्यांदा अर्ज करू नकोस. लाल खुणांची पाने उद्याच्या एसटीने पार्सल करतो. फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राच्या) लेखात एका अनोळखी तरुणाचे छायाचित्र आहे, त्याच्या सायकलवर पुसट अक्षरांत छायाचित्र विकणाऱ्याचा शिक्का दिसतो. त्याऐवजी रविवारी भाऊकाकांच्या दुकानात जाऊन मी फोटो काढून पाठवतो. फ्रीव्हील खोलताना आतल्या गोळ्या दिसायला हव्यात की पुलर (फ्रीव्हील काढायचे अवजार) दिसला तरी पुरे, हे शनिवारपर्यंत कळव, म्हणजे काकांना एखादे जुने फ्रीव्हील बाजूला काढून ठेवायला सांगता येईल.

तुझा,
बाबा