कणकवलीतल्या तुझ्या कंपनीविषयी

देवगड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातील नोकरी सोडून कणकवलीत सॉफ्टवेअर कंपनी काढण्याचा तुझा बेत वाचून मला मनापासून आनंद झाला. शहर सोडून खेड्यातून काम करणाऱ्या, झोहो या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापक श्रीधर वेंबूंचे उदाहरण तू दिले आहेस आणि ते योग्यच आहे. फक्त त्यांचा गावाकडे येण्याचा भाग तुझ्या मनात इतका भरला आहे की त्याआधीची वर्षे तू विचारात घेतलेली दिसत नाहीत.

तमिळनाडूतील तेनकाशीजवळच्या खेड्यात ते राहायला गेले ते 2019 च्या सुमारास. कंपनी त्याआधी, 1996 मध्ये, ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली होती. मद्रासची आयआयटी, प्रिन्स्टनची डॉक्टरेट आणि क्वालकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीतील नोकरी एवढे पाठीशी असताना त्यांनी भावांना व काही सहकाऱ्यांना घेऊन नेटवर्क सांभाळणारे सॉफ्टवेअर बनवायला घेतले, जे दूरसंचार उपकरणे तयार करणाऱ्या कंपन्या विकत घेत. 2001 च्या मंदीत नेमके हेच ग्राहक कोलमडले. बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पैसा घेतलेला नसल्यामुळे कंपनी विकण्याचा वा बंद करण्याचा तगादा लावणारे कोणी नव्हते, आणि जमवलेल्या पैशावर तग धरून त्यांना नवी उत्पादने घडवता आली. कंपन्यांची संगणक यंत्रणा सांभाळणारे मॅनेजइंजिन त्या काळातले; इंटरनेटवर चालणारे कार्यालयीन सॉफ्टवेअर झोहो, ज्याचे नाव पुढे कंपनीला मिळाले, ते 2005 मधले. माझ्या मते बाहेरचा पैसा न घेण्याचा निर्णय हाच त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचा, त्यांना मिळालेल्या पद्मश्रीपेक्षाही मोठा.

दुसरी गोष्ट तर आपल्या दाराशीच आहे. महाविद्यालयातील गुण आणि प्रत्यक्ष कामातील कुवत यांचा फारसा मेळ बसत नाही, हे अनुभवाने पटल्यावर त्यांनी स्वतःचीच शाळा काढली, जिथे बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना फी न घेता, उलट विद्यावेतन देऊन शिकवले जाते आणि पुढे कंपनीत घेतले जाते. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो, आणि निकाल लागला की तीच मुले मुंबईची गाडी धरतात. गणपतीला आणि शिमग्याला तेवढी घरे उघडतात. या मुलांना इथेच शिकवणारा कोणी हवा आहे, आणि तो तू व्हावास असे मला फार वाटते.

तेनकाशीचे कार्यालय 2011 मध्ये उघडले, तेव्हा कंपनी पंधरा वर्षांची होती आणि तिची उत्पादने जगभर विकली जात होती. तुझ्याजवळ अजून एकही उत्पादन नाही. म्हणून कर्ज काढून मोठी जागा घेण्यापूर्वी पुण्यातील दोन-तीन ग्राहकांचे काम हाती घे, भाड्याच्या दोन खोल्यांत बस, आणि पहिल्या वर्षी चार मुलांनाच शिकव. पावसाळ्यात वीज दिवसदिवस जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर हात आखडू नकोस. गणित आणि इंग्रजी शिकवायला मी शनिवारी येत जाईन. जागेचे कागद सही करण्याआधी मला दाखव आणि वहिनींचे मत काय आहे तेही कळव.

तुझा,
बालमित्र