शर्ट धुऊन टाकला हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा जुना शर्ट गेल्या महिन्यात चित्रप्रदर्शनात लागला. नात चित्रकला शिकते. ‘आजोबा, मिलमधला एखादा कपडा द्या ना,’ म्हणाली. ट्रंकेतून काढून दिला. एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात तो वर्षानुवर्षं अंगावर होता. डाव्या खांद्यावर तेलाचा डाग. तुटलेला धागा ओढायचा हूक खिशात ठेवायची सवय, म्हणून खिशाच्या तळाला भोक. ते सौ.नं लाल दोऱ्यानं रफू केलेलं; त्या दिवशी घरात पांढरा दोरा नव्हता. त्यावरून आमचं भांडणही झालं होतं. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

प्रदर्शनात पाहतो तर शर्ट धुतलेला, स्टार्च केलेला, कडक इस्त्रीचा! नीटनेटका दिसावा म्हणून आयोजकांपैकी कोणीतरी लॉन्ड्रीत दिला म्हणे. डाग गेला, रफू तेवढं राहिलं. खाली पाटी: ‘गिरणी कामगाराचा शर्ट’. (आम्ही गिरणी कधी म्हटलं नाही, मिलच.) लग्नातल्या वाढप्याचा वाटत होता तो.

नात हिरमुसली. मग तिनंच मोबाइलवर फ्रिडा काहलोचे कपडे दाखवले. मेक्सिकोची ही चित्रकार १९५४ साली वारली. तिच्या वस्तू नवऱ्यानं घरातल्या न्हाणीघरात बंद करवल्या. ते दार उघडलं २००४ साली. पुढे इशिउची मियाको या जपानी बाईंनी त्यांचे फोटो काढले. लहानपणी पोलिओ झालेला, म्हणून फ्रिडाच्या एका बुटाची टाच उंच. ती कोणी तासून सारखी केली असती तर? खरं सांगतो, तिच्या चित्रांपेक्षा मला तो बूट लवकर कळला. याच जपानी बाईंनी हिरोशिमात बॉम्बनं गेलेल्यांचे कपडेही टिपलेत, फाटके, जळके, जसेच्या तसे.

१८७७ साली सुरू झालेली आमची मिल २००२ मध्ये बंद पडली. तिथले कपडे अजून कितीतरी घरांत पडून असतील. चित्रकार पोरं मागायला येतात, याचा आनंदच आहे. फक्त पाण्यात घालण्याआधी एकदा विचारा. आणि पाटीवर कामगाराचं नाव नसलं तरी चालेल, भोक कशानं पडलं ते लिहा.

शर्ट परत आलाय. लाल दोरा फिका पडलाय, त्यामुळे स्टार्च काढायला पुन्हा भिजवायची हिंमत होत नाही. तसाच कडक ट्रंकेत ठेवलाय.

— एम्प्रेस मिलचा एक जुना कामगार, पाचपावली, नागपूर