एटीएममधल्या बनावट नोटेचा भुर्दंड ग्राहकालाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर झाली. बनावट नोट आली की काय करायचं हे तोंडपाठ आहे. शिक्का मारून नोट जप्त करायची, पावती करून ग्राहकाची सही घ्यायची. तो सही करायला तयार नसला तरी पावती द्यायचीच. नोट परत द्यायची नाही, खात्यात पैसेही जमा करायचे नाहीत. एका व्यवहारात पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट एफआयआर. यात काही चूक नाही, अशी नोट पुन्हा बाजारात जाताच कामा नये.

पण ती नोट बँकेनेच दिली असेल तर? एक पेन्शनर आजोबा शाखेला लागूनच असलेल्या आमच्या एटीएममधून पैसे काढून सरळ माझ्यासमोर आले. पाचशेच्या त्या नोटेतला धागा नुसता छापलेला होता, नोट कशीही कलती केली तरी हिरव्याचा निळा होईना. एटीएमची स्लिप त्यांच्या हातातच होती, पण स्लिपवर रक्कम असते, नोटांचे नंबर नसतात. "आमच्याच मशिनमधून आली याला पुरावा काय?" असं साहेबांनी विचारलं आणि विषय संपला. "अहो बाई, मी खोटं बोलत नाही," एवढंच म्हणत आजोबांनी सही केली. शिक्का मीच मारला होता.

रिझर्व्ह बँकेच्या सूचना तर स्पष्ट आहेत. १०० रुपये आणि त्यावरच्या नोटा यंत्रावर तपासल्याशिवाय पुन्हा बाहेर द्यायच्या नाहीत. एटीएममधून बनावट नोट निघाली, तर तो त्या बँकेने ती चलनात आणण्याचा प्रयत्न समजला जाईल, असंही त्यांत म्हटलं आहे. मग भुर्दंड ग्राहकाला का? नकळत झालं म्हणावं, तर ग्राहकालाही ते नकळतच मिळालेलं असतं आणि त्याच्याकडे तपासणीचं यंत्र नसतं. यंत्र, सीसीटीव्ही, कॅसेट (एटीएममधला नोटा ठेवायचा डबा) भरल्याची नोंद, सगळं बँकेच्या ताब्यात. पुरावा मागायचा तर तिच्याकडे मागावा.

लोक बाहेरच्या खोट्या नोटा आणून पैसे मागतील, ही बँकांची भीती खरी आहे. म्हणूनच नंबरांची नोंद हवी. नोटा मोजणाऱ्या अनेक यंत्रांना नंबर वाचता येतात. कॅसेटमध्ये भरलेल्या नोटांचे नंबर जपून ठेवणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं करावं. तक्रार आल्यावर बँकेला ती नोंद दाखवता आली नाही, तर नोट जप्त करून तेवढी रक्कम त्याच दिवशी ग्राहकाच्या खात्यात जमा व्हावी.

– एक निवृत्त बँक कॅशियर