ई-रीडर पाठवलाय, रागावू नका

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, फोनवर तुम्ही ‘नको’ म्हणालात तेव्हा पुस्तकं वाचायच्या या यंत्राचं पार्सल निघालं होतं. आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याची गरज कशी नाही हे तुम्ही मला महिनाभर पटवत बसला असतात. तुमच्या पुस्तकांच्या कपाटाला कुणी हात लावणार नाही, हे आधीच सांगते. पण दोन-दोन चष्मे आणि वर भिंग, असं वाचताना तुम्हाला मी चार दिवस पाहिलंय. चारच दिवस होते, तेही ठाऊक आहे. त्यावर आत्ता नको बोलूया.

ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पान पांढरं, थोडं निळसरच दिसेल आणि दुसऱ्याला पिवळट. यंत्र बिघडलेलं नाही. मोतीबिंदूचं भिंग पिवळं पडलेलं असतं, ते एका डोळ्यातून निघालंय, इतकंच. म्हणून पडद्याचा पिवळेपणा कमी-जास्त करत बसू नका. मी लावून दिलाय तो दुसरा डोळा होईपर्यंत राहू दे. प्रकाश मात्र खोलीप्रमाणे बदला. दिवसा खिडकीपाशी बसलात तर तो पूर्ण बंद केला तरी चालतं, कारण हा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडात वाचता येतो.

अक्षर मोठं करायला पानाच्या वरच्या भागावर एकदा टेकवा, ‘Aa’ असं चिन्ह येईल. नुसता आकार वाढवून भागत नाही. आकार फार वाढवला की ओळीत तीनच शब्द मावतात आणि वाक्याचा धागा सुटतो. त्यापेक्षा आकार मध्यम ठेवा, ठळकपणा दोन घरं वाढवा आणि ओळींमधलं अंतर सगळ्यांत जास्त करा. मराठीत वर रफार नि मात्रा, खाली उकार. ओळी जवळ असल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली दिसली, तर पुस्तक तसं नसतं, फॉन्ट चुकलेला असतो. त्याच यादीतून दुसरा निवडा.

स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र यात टाकायला कुणाला सांगू नका. पीडीएफमध्ये पान म्हणजे फोटो. अक्षर मोठं होत नाही, अख्खं पानच मोठं होतं आणि प्रत्येक ओळीला डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. अगदीच हवं असेल तर यंत्र आडवं करा, अर्धं-अर्धं पान दिसेल. ‘ईपब’ म्हणजे अक्षर लहान-मोठं करता येणारी फाइल, ती असेल तर बिनधास्त घ्या.

आई, तुझ्या अंगठ्यासाठीही हे बरं. ‘ड्यून’सारख्या जाड कादंबरीचा ठोकळा आणि हे यंत्र, दोन्हींत मजकूर तेवढाच, पण हे जेमतेम २०० ग्रॅमचं. फक्त पान उलटायला कडेला हलकं टेकवायचं, घासायचं नाही. आणि शेवटचं पान आधी वाचायची तुझी सवय इथे सहज जमत नाही, याचा मला फार आनंद झालाय.

आता पुस्तकं. अकराच भरलीत. शंभर भरली असती तर तुम्ही यादीच वाचत बसला असतात.

बाबा, असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ ही विज्ञानकादंबऱ्यांची मालिका कंटाळवाणी आहे असं तुम्ही ठरवून टाकलंत, पण तुम्ही तिच्यातल्या ‘प्रील्यूड’पासून सुरुवात केलीत ना! कथेच्या काळात ते आधी येतं, पण असिमॉव्हनं ते १९८८ मध्ये लिहिलं, बाकीचं वाचून झालेल्यांसाठी. १९५१, ५२ आणि ५३ ची तीन आधी वाचा, त्याच क्रमानं. ती मुळात मासिकातल्या कथा होत्या, १९४२ पासून आलेल्या. म्हणून एक भाग संपला की मध्ये कित्येक वर्षं निघून जातात आणि आवडलेला माणूस पुढे नुसता पुतळ्यासारखा उरतो. जीव लावू नका.

त्याच्याही आधी आर्थर क्लार्कचं ‘रॉन्देव्हू विथ रामा’, १९७३ चं. खास तुमच्यासाठी. सूर्यमालेत एक प्रचंड नळकांडं शिरतं, ५० किलोमीटर लांब, २० रुंद, आणि माणसं आत उतरून बघतात. एवढंच. खलनायक नाही, युद्ध नाही. नळकांडं चार मिनिटांत एक फेरी घेतं, म्हणून आतल्या भिंतीवर पाय टेकतात. माणसं मधल्या आसाकडून जिन्यानं खाली उतरतात, तेव्हा पायरीपायरीला वजन वाढत जातं. ते वर्णन घाईनं वाचू नका. पुढचे भाग क्लार्कनं दुसऱ्या लेखकाबरोबर केले. माझ्या मते पहिल्यावर थांबावं.

आई, तुला अर्सुला ल ग्विन या लेखिकेचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’, १९६८ चं. छोटं आहे. त्यातली जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. खरं नाव कळलं की ती गोष्ट तुमच्या हातात. म्हणून तिथली माणसं आपलं खरं नाव जपून ठेवतात, फार जवळच्यालाच सांगतात. तू मला ज्या नावानं हाक मारतेस ते चारचौघांत घेऊ नकोस म्हणून मी भांडायचे ना, तसं. आवडलं तर चौथा भाग ‘तेहानू’ही वाच. तो १९९० चा, आणि त्यात नायिका मध्यमवयीन बाई आहे, घर-शेत सांभाळणारी. मी सध्या ल ग्विनबाईंचंच ‘द लेफ्ट हॅन्ड ऑफ डार्कनेस’ वाचतेय. ते तुम्हाला पाठवलेलं नाही, आधी हे संपू दे.

अशा पुस्तकांत पहिली तीस पानं काही कळत नाही, ते मुद्दामच असतं. अनोळखी शब्द आला की बोट दाबून शब्दकोश उघडशील, पण लेखकानं बनवलेला शब्द त्यात सापडणार नाही. पुढे जात राहा. दहा पानांत दोनदा तोच शब्द आला की अर्थ आपोआप उमगतो. ‘ड्यून’ला मात्र मागे शब्दसूची आहे, तिथे मी खूण लावून ठेवलीय.

इंग्रजीचा कंटाळा आला तर नारळीकर आहेतच. ‘कृष्णविवर’ परत वाचा. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ती नारायण विनायक जगताप नावानं पाठवली होती, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. बाबा, तुम्ही ती वाचून दाखवताना परग्रहवासी नाकात बोलायचे. कथेत एकही परग्रहवासी नाही हे मला फार उशिरा कळलं.

यंत्र अडकलं तर बटण ४० सेकंद दाबून धरा, मोजून. वायफाय बंद ठेवा, चार्जिंग आठवडे टिकतं. आडवं पडून वाचायचं नाही. थेंब टाकले की लगेच वाचायला बसू नका, आणि डोळा खाजला तर चोळायचा नाही. आई, यावर तूच लक्ष ठेव, ते मला खरं सांगत नाहीत. वीस-पंचवीस मिनिटं झाली की मान वर करून लांब बघायचं, दोघांनीही. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी पंधरा दिवस येणार आहे, तिकीट काढलंय.

तुमची,
चिऊ

ता. क. बाबा, ‘रामा’तल्या नळकांड्याची आतली त्रिज्या ८ किलोमीटर धरा. जमिनीवर पृथ्वीच्या निम्म्याहून थोडं जास्त गुरुत्व येतं, ते मी काढलंय. आसापासून एक किलोमीटरवरच्या पायरीवर तुमचं वजन किती भरेल, ते तुम्ही काढा आणि रविवारी सांगा. हिशेबात मागच्या वर्षीचं वजन नको, काट्यावर उभं राहून आजचं घाला.