लठ्ठपणाचा दोष आळसावर टाकू नका

महोदय,

लठ्ठपणाची बातमी आली की शेवटचा सल्ला ठरलेला असतो: बैठं काम कमी करा, रोज चाला, जिमला जा. जाड माणसाला त्यातून एवढंच ऐकू येतं की तू आळशी आहेस. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. वर्गातल्या जाड मुलांना मैदानावर काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे मी बघते आणि मला त्याचा फार त्रास होतो. कारण विज्ञान आज वेगळंच सांगतं आहे.

टांझानियात इयासी सरोवराच्या परिसरात हाडझा लोक राहतात. त्यांच्यातले बरेच जण आजही शिकार, मध आणि कंदमुळांवर जगतात. पुरुष दिवसाला साधारण ११ किलोमीटर चालतात, बायका ६ किलोमीटरच्या आसपास. शिवाय कंद खणणं, लाकूडफाटा, पाणी आहेच. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा ऊर्जाखर्च मोजून २०१२ साली प्रसिद्ध केला. मोजण्याची रीत अशी: जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला द्यायचं आणि पुढचे काही दिवस लघवीचे नमुने तपासायचे. हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. या फरकावरून शरीराने किती इंधन जाळलं ते कळतं, आणि माणसाला प्रयोगशाळेत कोंडावं लागत नाही. शरीराचं आकारमान जमेस धरलं, तर हाडझांचा दिवसाचा एकूण खर्च अमेरिका-युरोपातल्या बैठं काम करणाऱ्यांइतकाच निघाला! जास्त हालचाल झाली की शरीर आतल्या इतर कामांवरचा खर्च आवरतं, असं पाँट्झर यांचं म्हणणं आहे. त्यावर वाद आहेत, पण मोजमाप नाकारता येत नाही.

२०२५ मध्ये याच पद्धतीने ३४ लोकसमूहांतल्या ४,२०० हून अधिक प्रौढांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. श्रीमंत देशांत आकारमानानुसार खर्च थोडा कमी आढळला खरा. पण वाढलेल्या लठ्ठपणाचा जेमतेम दहावा हिस्सा त्याने उलगडतो. उरलेल्यासाठी बोट ताटाकडेच जातं.

‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जा जाळण्याचा वेग) मंदावतो’ हे तर घरोघरी ऐकू येतं. २०२१ च्या ६,४०० हून अधिक लोकांच्या अभ्यासात विशी ते साठी हा वेग जवळजवळ स्थिर दिसला, बाळंतपण किंवा पाळी जाण्यानेही तो फारसा हलला नाही. या समजापायी कितीतरी बायका स्वतःच्या शरीराला दोष देत बसतात.

मग ताटात काय बदललं? अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रियित अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच. खायचं किती, ते ज्याच्या त्याच्या मनावर. अतिप्रक्रियित अन्नावर असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. म्हणजे जवळपास पाच पोळ्या, आणि त्याही नकळत. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं.

व्यायाम सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. हृदय, रक्तातली साखर, झोप, मन या सगळ्यांसाठी तो हवाच. पण पाकिटातल्या अन्नाचा हिशोब मैदानावर चुकता होईल, ही आशा मुलांना दाखवू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर ठळक काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये मसुदा काढला तो पाकिटावर गुणवत्तेचे तारे छापण्याचा. तारे पाहून ग्राहकाला वस्तू चांगलीच वाटणार. इथे सरळ इशाराच हवा. शिवाय शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. राज्याच्या शिक्षण विभागाने आणि अन्न व औषध प्रशासनाने या नियमाची शाळाशाळांत जाऊन तपासणी करावी आणि निष्कर्ष तालुकावार जाहीर करावेत, ही मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, ही विनंती.

– एक शिक्षिका, सातारा