बाबा, बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाबा, पगारवाढ झाल्यावर मी पाठवलेले पैसे तुम्ही पुन्हा माझ्याच खात्यात टाकलेत. वर मेसेज: 'आम्हा दोघांना आता लागतं किती? हे देवाच्या कामाला दे. आमच्या हातून तर आता काही सेवा होत नाही.' फोन केला असता तर तुम्ही विषय बदलला असता आणि आई 'जाऊ दे ना आता' म्हणाली असती. म्हणून लिहितेय. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

तुमचा मेसेज दोन-तीनच ओळींचा आहे, पण त्यातलं काहीच मला पटलेलं नाही. आई-बापाला दिलं ते घरातल्या घरात राहिलं आणि बाहेर दिलं तेच खरं दान, हे नाही. आणि हात थकले म्हणजे सेवा संपली, हे तर मुळीच नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. शिष्य हात न धुता जेवतात म्हणून परूशी आणि शास्त्री, म्हणजे धर्मनियमांचे ते कडक जाणकार, तक्रार घेऊन येतात, आणि प्रभू त्यांना उलट कुर्बानाचं विचारतो. आई-वडिलांच्या उपयोगी पडायचं ते एकदा 'देवाला वाहिलं' असं म्हटलं की मुलगा मोकळा! देवाचं नाव पुढे करून देवाचीच आज्ञा मोडायची, तीही दहा आज्ञांमधली. प्रभूचा राग दानावर नव्हता. गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, ती अगदी लहान नाणी, त्याच्या नजरेतून सुटल्या नाहीत. राग होता तो समोरच्या माणसाला टाळण्यासाठी दानाची आडवाट काढण्यावर. आता इथे गंमत अशी की ती आडवाट तुम्ही स्वतःच मला काढून देताय. अहो, परूश्यांच्या आई-बापांनीसुद्धा असं केलं नसेल.

प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातही हेच आहे. मुला-नातवंडांनी भक्तीचा पहिला धडा आपल्या घरात गिरवावा, वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावे, हे देवाला आवडतं. आणि वधस्तंभाजवळचा तो प्रसंग मी कितीही वेळा वाचला तरी थांबते. सगळ्या जगासाठी जीव देण्याचं काम चालू आहे, श्वास पुरत नाही, आणि त्यातही प्रभू जवळ उभ्या असलेल्या शिष्याकडे आपल्या आईची सोय लावतो. 'हा तुझा मुलगा, ही तुझी आई.' योहान सांगतो की त्या घटकेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. एवढं मोठं कार्य हातात असताना त्याला आई आड आली नाही. मग माझ्या पगारवाढीच्या आड तुम्ही कसे येणार?

याचा अर्थ मी आशीर्वाद घराच्या उंबऱ्याशी अडवून ठेवणार असा नाही. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात देव अब्राहामाला आशीर्वाद देतो आणि तिथेच पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांचं नाव घेतो. दोन्ही एकाच दमात. आधी तू सुखी हो, पुढचं पुढे बघू, अशी सवलत त्यात नाही. लूकच्या बाराव्या अध्यायातला तो सधन शेतकरी मला म्हणून फार एकटा वाटतो. त्याने चोरी केलेली नाही, कुणाला लुबाडलेलं नाही. जमीन पिकली, एवढंच. पण त्याचं सगळं बोलणं ऐका: माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि शेवटी माझ्या जिवा! दुसरं माणूसच नाही त्याच्या बोलण्यात. सल्लासुद्धा तो स्वतःचाच घेतो. आणि पीक कुणी दिलं हा प्रश्न त्याच्या डोक्यात येत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे नेमकं याचंच भय दाखवतो, की पोटभर जेवाल, चांगली घरं बांधाल आणि मग म्हणाल, हे माझ्या मनगटाच्या जोराने मिळवलं. मनगटात जोर कुणी घातला, एवढंच तो विचारतो.

माझ्या बाबतीत तर मनगटाचा प्रश्नच येत नाही. माझी फी भरताना तुम्ही स्वतःचं काय काय मागे ठेवलंत ते मला माहीत आहे. त्यामुळे 'माझी कमाई' म्हणताना माझी जीभ अडखळते. एक सांगते, रागावू नका: 'दे, म्हणजे दुप्पट मिळेल' असं कुणी व्यासपीठावरून सांगायला लागलं की मी मनातल्या मनात उठून जाते. तो व्यवहार झाला. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल मासेदोनियातल्या मंडळ्यांचं उदाहरण देतो, त्या स्वतः अत्यंत गरिबीत होत्या आणि तरी यरुशलेमेतल्या भावंडांसाठी द्यायची संधी मिळावी म्हणून विनवण्या करत होत्या. त्यांना दुप्पट मिळालं असं पौल कुठेही लिहीत नाही. तो लिहितो की एकाच्या विपुलतेतून दुसऱ्याची उणीव भरावी, आणि देवाने रानात लोकांना पुरवलेल्या अन्नाची, मान्न्याची, आठवण देतो: ज्याने फार गोळा केलं त्याचं उरलं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही.

मी काय करते ते आता सांगतेच, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नुसतं बोलते. लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं उचलू नका, द्राक्षमळ्यात गळालेली फळं तशीच राहू द्या, असा नियम आहे. ती गरिबांची आणि परक्यांची. अनुवादात तर शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरूसुद्धा नका, असं आहे. म्हणजे देवाला माणसाचा विसरभोळेपणाही कामाला लावता येतो! पण मला त्याहून आवडतो तो बवाज, ज्याच्या शेतात परदेशातून आलेली विधवा रूथ कणसं वेचायला जाते. नियम पाळून तो थांबला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तो गड्यांना सांगतो, पेंढ्यांमधून थोडं मुद्दाम ओढून टाका, तिला वेचू द्या आणि तिला धमकावू नका. रूथला ते 'दिलेलं' वाटू नये, वेचलेलं वाटावं. संध्याकाळी ती स्वतः झोडपते, ते एफाभर, म्हणजे चांगलं मोठं मापभर, जव भरतं आणि ते घेऊन ती ताठ मानेने सासूकडे, नामीकडे जाते. दुपारी पोटभर जेवून उरलेलं तिने जपून ठेवलेलं असतं, तेही नामीच्या हातावर ठेवते. बघा, घेणारी संध्याकाळपर्यंत देणारी झाली.

माझ्याकडे शेत नाही. पण एका मुलीची शाळेची फी मी भरते, ती शाळेच्या कार्यालयात जाऊन. पावतीवर देणाऱ्याचं नाव लिहू नका असं सांगितलं तेव्हा तिथल्या बाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, मग मुलीचं नाव लिहिलं आणि पुढची रेघ मोकळी सोडली. ती मुलगी मला ओळखते, रोज जिन्यात भेटते, गणित अडलं की येऊन बसते. माझ्यासमोर तिला मान खाली घालावी लागत नाही, माझ्याशी भांडतासुद्धा येतं. तुम्ही परत पाठवलेले पैसे मला तिकडे वळवता आले असते. पण तिच्यासाठीची कड मी वेगळी ठेवलेली आहे आणि तुमची वेगळी. एकीची कापून दुसरीला जोडायची नाही.

आणि बाबा, घेणं तुम्हाला इतकं जड का जातं? प्रभूने घेतलं की. शिमोनाचा मचवा घेतला, कुणाचं शिंगरू घेतलं, वल्हांडण सणाच्या जेवणासाठी कुणाची माडीवरची खोली घेतली, आणि शेवटी अरिमथाईकर योसेफाची नवी कबरसुद्धा. लूकच्या आठव्या अध्यायात योहान्ना, सुसान्ना आणि इतर बऱ्याच बायका आपल्या पैशाअडक्याने त्याची आणि बारा जणांची सेवा करत होत्या असं सरळ लिहिलंय. तो 'मला काय लागतं' म्हणाला असता तर त्यांच्या सेवेला जागाच उरली नसती.

आता ते 'आमच्या हातून सेवा होत नाही'.

2 शमुवेलच्या सतराव्या अध्यायात दावीद राजा आपल्या मुलापुढून, अबशालोमापुढून पळतोय. पोटच्या पोराने गादी घेतलेली, लोक रानात भुकेले, तहानलेले, दमलेले. महनाइम गावी तिघे जण मदत घेऊन येतात. त्यातला लोदबारचा माखीर तोच, ज्याने आधीच्या राजाच्या, शौलाच्या, पांगळ्या नातवाला, मफीबोशेथला, पूर्वी आपल्या घरी ठेवलं होतं. आणि तिसरा बर्जिल्लय, रोगलीमचा. काय आणलं त्यांनी? अंथरुणं, भांडी, मातीची मडकी, गहू, जव, पीठ, भाजलेलं धान्य, शेंगा, मसूर, मध, लोणी, मेंढरं, पनीर. मला ती यादी फार आवडते, कारण तिच्यात सगळ्यांत आधी अंथरुणं आहेत. रानात झोपणाऱ्याची पाठ काय म्हणत असेल हे म्हाताऱ्या माणसालाच सुचतं. आणि हरणाऱ्या राजाला हे सगळं देणं म्हणजे स्वतःची मान धोक्यात घालणं, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे?

तेव्हा बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. पुढे एकोणिसाव्या अध्यायात दावीद त्याला यरुशलेमेला चल म्हणतो, मी तुला सांभाळीन म्हणतो, आणि तो जे उत्तर देतो ते अगदी तुमच्यासारखं आहे. खाल्लेल्याची चव मला कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मी धन्याला भार कशाला होऊ? आई-बापाच्या कबरेजवळ माझ्या गावात मला मरू दे. इथवर तुम्ही आणि तो सारखेच. पण तो तिथे थांबत नाही. तो म्हणतो, हा किम्हाम आहे, माझ्या जागी याला घेऊन जा. आणि पुढे मरताना दावीद आपल्या मुलाला, शलमोनाला, आवर्जून सांगून जातो की बर्जिल्लयच्या मुलांना तुझ्या पंगतीला बसव.

तर बाबा, तुमचा किम्हाम शोधा. लोकांचे अर्ज, दाखले, तक्रारी तुम्ही इतकी वर्षं लिहून दिल्यात. आता हात थरथरतो, अक्षर वाकडं येतं, म्हणून ते काम बंद. पण अर्जात साहेबाला काय खटकेल, कुठला कागद आधी जोडायचा, कुठे नमतं घ्यायचं आणि कुठे नाही, हे हातात थोडंच असतं? ते सगळं शाबूत आहे. शेजारचा तो मुलगा सुट्टीत दिवसभर फोनवर बोटं चालवत बसतो. त्याला समोर बसवा. तुम्ही सांगा, तो टाइप करील. पहिले काही अर्ज तो बिघडवेल, तुम्ही चिडाल, आई मध्ये पडेल. होऊ दे. तालंताच्या दाखल्यात एकच तालंत मिळालेला कठोर धन्याला घाबरला आणि तो पुरून बसला. वाचताना वाटतं, एक तालंत म्हणजे असून असून किती. पण एक तालंत म्हणजे सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. तब्बल वीस वर्षांची मजुरी त्याने जमिनीत पुरली. तुमच्याकडे जे उरलंय त्याचं मोजमाप करताना जरा ताजवा बदला.

आई, तुला वेगळं लिहिते. तुझ्या आजारपणानंतर तू कधी त्याबद्दल साक्ष दिली नाहीस, पुढे उभं राहून बोलली नाहीस, आणि तुला वाटतं म्हणून तुझी सेवा मोजण्याइतकी नाही. पण मंडळीत कुणाला तसंच काही निघालं की लोक तुलाच बोलावतात. मी तुला पाहिलंय तिथे. तू वचन काढून बसत नाहीस. पलंगापाशी बसतेस, खुर्चीवर पडलेले कपडे उचलून एकेक घडी घालतेस, आणि केस गळायला लागले की मागे-पुढे न बघता सांगतेस, उशीचा अभ्रा गडद रंगाचा घाल, सकाळी उठल्यावर बघवत नाही गं. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो की देव आमचं सांत्वन करतो ते आम्ही इतरांचं करावं म्हणून. तुला मिळालेला आशीर्वाद हा असा, तू मागितला नसतास तसा. पण अभ्र्याचं ते डॉक्टरला माहीत नव्हतं आणि पाळकांनाही नव्हतं.

म्हणूनच तुला न विचारता एक केलंय. माझ्या ऑफिसातल्या एकीला गेल्या आठवड्यात तेच निदान झालं. वयाने माझ्याएवढीच आहे, आपल्या मंडळीतली नाही, प्रार्थनेचं आपणहून काढू नकोस, तिने काढलं तर बघ. तिला तुझा नंबर दिलाय. रविवारी उपासनेनंतर फोन करील. तिला आधी उपचारांचं विचारायचं आहे, आणि मुलाला कसं सांगायचं ते. फोन चार्ज करून ठेव, रविवारी तो हमखास बंद असतो.

तुमची,
लेक